गोदाकाठ आणि फ्रान्सची घटनाविद्या

इसवी सन १७४८ च्या जून महिन्यात पहिले निजाम आसफजाह बऱ्हाणपुरास पैगंबरवासी झाले, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात जिनिव्हा येथील एका छापखान्यातून मॉन्तेस्क्यू या फ्रेंच पंडिताचा महाग्रंथ बाहेर पडला. कायदे करणे, ते अमलात आणणे व त्यांनुसार न्याय देणे ही राज्यसत्तेची तीन कार्ये निरनिराळ्या हाती ठेवल्यावाचून प्रजेच्या स्वातंत्र्याची शाश्वती नाही, असे त्या ग्रंथाचे प्रतिपादन होते. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तथापि पहिल्या घटनेतून उद्भवलेल्या वारसाहक्काच्या कलहामुळे फ्रेंचांची पलटण थेट गोदावरीच्या खोऱ्यात येऊन पोहोचली. दुसऱ्या घटनेत जन्मलेला विचार मात्र त्याच खोऱ्यातील सोनपेठ, गंगाखेड, पाथरी यांसारख्या गावांच्या वाट्यास येण्यास पुरी दोनशे वर्षे लागली. फ्रान्सची तोफ आधी आली आणि फ्रान्सची घटना मागाहून, तीही इंग्रजांच्या हातून, असा हा इतिहास आहे. परभणी जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, बीड जिल्ह्याच्या सीमेलगत वसलेल्या सोनपेठेत बसून फ्रेंच राज्यघटनेचा अभ्यास फ्रेंच भाषेतूनच का करावा, या प्रश्नाचे उत्तरही मला याच इतिहासात सापडते.

आसफजाहांच्या पश्चात नासिरजंग व मुजफ्फरजंग हे दोघेही अल्पावधीत मारले गेले, आणि १७५१ साली सलाबतजंगास मसनदीवर बसवून बुसी हा फ्रेंच सेनानी त्याच्यासह औरंगाबादेस दाखल झाला. पुढील सात वर्षे दक्षिणेच्या सुभ्याचा कारभार नावाने सलाबतजंगाचा व बळाने बुसीचा होता. पलटणीच्या पगाराची तरतूद म्हणून पूर्व किनाऱ्यावरील चार सरकारांचा वसूल फ्रेंचांना तोडून देण्याचा ठराव १७५३ साली औरंगाबादेतच झाला. सनद, जहागीर, वसूल, तैनात या मोगली दफ्तराच्या चौकटीत बुसी इतका सहज वावरत होता की फ्रान्समधून त्याने काही राज्यपद्धती आणली असेल, असा संशयही त्या काळच्या कागदपत्रांवरून येत नाही. आणि आणणार तरी काय होता? त्याच्या मायदेशी त्या वेळी पंधराव्या लुईचे अनियंत्रित राज्य होते, आणि मॉन्तेस्क्यूचा ग्रंथ धर्मपीठाने निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकला होता.

पुढे चाळीस वर्षांनी चित्र पालटले. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या रणभूमीवर मराठ्यांनी निजामअलीचा पराभव केला, ही कथा प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते. त्या दिवशी निजामाच्या बाजूने रेमंड या फ्रेंच सरदाराची कवायती पलटण उभी होती आणि तिच्या निशाणावर फ्रेंच प्रजासत्ताकाचे तीन रंग होते, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. ज्या राष्ट्राने सहा वर्षांपूर्वी मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला आणि दोनच वर्षांपूर्वी आपल्या राजाचा शिरच्छेद केला, त्या राष्ट्राचा ध्वज खर्ड्याच्या माळावर एका वंशपरंपरागत राजाच्या संरक्षणार्थ फडकत होता. समोर मराठ्यांच्या फौजेतही शिंद्यांच्या फ्रेंच अंमलदारांनी शिकविलेल्या पलटणी होत्या. दोन्ही बाजूंनी फ्रेंच कवायत चालली होती, आणि त्या तीन रंगांचा अर्थ दोन्ही बाजूंपैकी कोणासही कोणी सांगितला नव्हता. नगर-बीडच्या सीमेवरील ते मैदान सोनपेठेपासून फार दूर नाही. फ्रेंच राज्यक्रांती मराठवाड्याच्या इतक्या समीप आली होती, आणि एक शब्दही न बोलता परत गेली.

रेमंड मार्च १७९८ मध्ये वारला. हैदराबादेस त्याची समाधी आजही आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्रजांनी निजामाशी तैनाती फौजेचा तह केला, त्यात फ्रेंचांना नोकरीवरून दूर करण्याची अट घातली आणि ऑक्टोबरात चौदा हजारांच्या घरातील ती पलटण निःशस्त्र केली. येथून पुढे दीडशे वर्षे दक्षिणेत फ्रान्सची जी काही वार्ता आली ती इंग्रजी ग्रंथांच्या मध्यस्थीने आली. ही मध्यस्थी सर्वस्वी अहितकारक होती असे मी म्हणणार नाही. महात्मा फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला, आणि त्या ग्रंथात फ्रान्सच्या १७८९ च्या जाहीरनाम्याची सतरा कलमे व त्यांवरील भाष्य आहे. म्हणजे फ्रेंच घटनाविचाराचा मराठी समाजात झालेला पहिला सफल प्रवेश इंग्रजीच्याच वाटेने झाला. पण पेन हा फ्रेंच क्रांतीचा कैवारी होता. पुढील पिढीच्या मराठी वकिलांना जो मार्गदर्शक लाभला, तो तसा नव्हता.

तो मार्गदर्शक म्हणजे ऑक्सफर्डचे प्राध्यापक डायसी. त्यांचा इंग्लंडच्या राज्यघटनेवरील ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध झाला, आणि कायद्याच्या परीक्षेस बसणाऱ्या हिंदी विद्यार्थ्याने तो पाठ केल्यावाचून गत्यंतर नव्हते. इंग्लंडात सरकारी अंमलदार व सामान्य मनुष्य एकाच न्यायालयापुढे, एकाच कायद्याखाली उभे राहतात. फ्रान्समध्ये मात्र सरकारविरुद्धच्या फिर्यादी निराळ्या प्रशासकीय न्यायालयात चालतात. सबब तेथील नागरिकाचे स्वातंत्र्य इंग्लंडातील नागरिकाइतके सुरक्षित नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. उत्तरायुष्यात डायसींनी हे मत पुष्कळसे सौम्य केले. तोपर्यंत ते हिंदुस्थानातील कायद्याच्या वर्गांत रुजून गेले होते, आणि फ्रान्सच्या त्या न्यायालयाचा एक तरी निवाडा मुळातून वाचून पाहावा असे त्या वर्गांत फारसे कोणास वाटले नाही.

असा एक निवाडा वाचला असता काय दिसते? १८७१ साली बोर्दो शहरात सरकारी तंबाखूच्या कारखान्यातील चार मजूर एक गाडा ढकलीत रस्ता ओलांडीत असता ब्लांको आडनावाची पाच वर्षांची मुलगी त्याखाली सापडून जबर जखमी झाली. बापाने नुकसानभरपाईची फिर्याद केली. ही फिर्याद दिवाणी न्यायालयाने ऐकावी की प्रशासकीय, हा तंटा अधिकारक्षेत्राचा निर्णय करणाऱ्या खास न्यायपीठापुढे गेला. तेथे मते समसमान पडली, न्यायमंत्र्यांच्या मताने निर्णय झाला, आणि ८ फेब्रुवारी १८७३ रोजी निवाडा देण्यात आला. त्याचा मथितार्थ असा की, सरकारी सेवेतील नोकरांच्या चुकीने झालेल्या हानीबद्दल राज्याची जबाबदारी आहे, परंतु ती खाजगी माणसामाणसांतील दिवाणी संहितेच्या नियमांनी मोजता येत नाही. तिचे नियम स्वतंत्र आहेत, आणि ते सेवेच्या गरजा व राज्याचे आणि व्यक्तीचे हक्क यांचा मेळ घालून ठरवावे लागतात. पुढील वर्षी कोन्सेय देता या सर्वोच्च प्रशासकीय न्यायसंस्थेने त्या मुलीस वर्षासन मंजूर केले. राज्यास जबाबदार धरण्यासाठीच एक स्वतंत्र शास्त्र कसे उभे राहिले, याचा हा मूलारंभ आहे, आणि फ्रान्समध्ये प्रशासकीय कायद्याचा अभ्यास आजही या निवाड्यापासूनच सुरू होतो.

आपल्याकडे याच्याच जोडीचा खटला बारा वर्षे आधी झाला होता, आणि दोहोंतील साम्य विस्मयकारक आहे. कलकत्त्याजवळ खिदिरपूरच्या सरकारी गोदीतील मजूर बॉयलरच्या कामाचा एक अवजड लोखंडी भाग घेऊन सार्वजनिक रस्त्यावरून जात असता तो खाली पडला, त्या आवाजाने बिथरलेला एका जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला, आणि कंपनीने साडेतीनशे रुपयांच्या भरपाईची मागणी केली. १८६१ च्या त्या निवाड्याने, जो पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या निवाडासंग्रहाच्या पाचव्या खंडाच्या परिशिष्टात छापला गेला, भरपाई देवविली खरी. पण सार्वभौम सत्तेचे काम आणि इतर काम असा एक भेद त्याच वेळी पुढे ठेवला. त्या भेदाचे फळ एका शतकाने दिसले. पोलिसांच्या मालखान्यातून एका व्यापाऱ्याचे सोने हवालदारानेच लांबविले होते, तरी पोलिसांचे काम सार्वभौम सत्तेचे आहे म्हणून राज्य भरपाईस पात्र नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयास १९६४ साली म्हणावे लागले. कोठडीतील मृत्यूबद्दल मूलभूत हक्कांच्या आधारे राज्याने भरपाई द्यावी, या निर्णयाप्रत येण्यास १९९३ साल उजाडले. ज्या फ्रेंच पद्धतीस डायसींनी स्वातंत्र्यास प्रतिकूल ठरविले, तिने नागरिकास दिलेला आसरा आमच्या पद्धतीपेक्षा कितीतरी आधी पक्का झाला होता. आणि हे मुळातील फ्रेंच कागद न वाचता केवळ इंग्रजी सारांशावर विसंबून राहणाऱ्यास कळण्याचा मार्ग नव्हता.

मुळातील कागद हातात घेतल्यावर प्रथम त्याच्या रचनेनेच वाचक थबकतो. कोन्सेय देताचा जुना निवाडा कितीही पृष्ठांचा असो, तो व्याकरणदृष्ट्या एकच वाक्य असे. आरंभी ज्या कायद्यांचा व कागदांचा आधार घेतला त्यांचा नामनिर्देश. मग 'ज्याअर्थी' या अर्थाच्या शब्दाने सुरू होणारी एकेक कारणमीमांसा, प्रत्येक अर्धविरामाने पुढीलीस जोडलेली. आणि सर्वांत शेवटी, एका ठसठशीत क्रियापदानंतर, कलमवार निर्णय. न्यायाधीशाचे 'मी' त्यात कोठेही नाही, भिन्नमताची टिपणी नाही, पूर्वीच्या निवाड्यांचे लांबलचक उतारे नाहीत. इंग्रजी पद्धतीत न्यायाधीश आपल्या मनाचा प्रवास वाचकास घडवितो; येथे राज्य स्वतःच बोलते, आणि एका श्वासात बोलते. २०१९ पासून ही एकवाक्यी शैली त्या न्यायसंस्थेने सोडली असून आता निवाडे स्वतंत्र परिच्छेदांत लिहिले जातात. तरी दोन शतकांचे सारे वाङ्मय त्या जुन्या साच्यात आहे, आणि ते कोणत्याही भाषेत उतरविताना भाषांतरकारास ते वाक्य तोडावेच लागते. वाक्य तुटले की कोणते कारण कोणत्या कारणावर टेकले आहे, हे दाखविणारा सांधाच निखळतो.

मुळातील फ्रेंच आधार न पाहण्याच्या याच मालिकेत सावरकरांचे प्रकरणही येते. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिस बंदरात त्यांनी जहाजातून समुद्रात उडी घेतली, पोहत फ्रान्सची भूमी गाठली, आणि तेथील शिपायाने त्यांना धरून इंग्रज पहारेकऱ्यांच्या स्वाधीन केले. फ्रान्समध्ये समाजवादी पक्षाच्या वृत्तपत्राने या कृत्याविरुद्ध झोड उठविली, फ्रेंच सरकारास सावरकरांना परत मागणे भाग पडले, आणि हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी, सोपविण्यात अनियमितपणा झाला असे मान्य करूनही, परत देण्याचे बंधन इंग्लंडवर नाही असा निर्णय दिला. लवादाच्या पाच सभासदांत लुई रनो हे विख्यात फ्रेंच न्यायविशारद होते. एका भगूरच्या ब्राह्मणाच्या अटकेवर फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा राजकीय आश्रयाचा हक्क फ्रान्सच्या सार्वजनिक विधीत कोठून येतो, हे मूळ फ्रेंच आधारांवरून मराठीत सांगणारा एखादा ग्रंथ सिद्ध व्हावयास हवा होता.

इकडे निजामी मुलखात भाषेचा प्रश्न निराळ्याच रूपाने उभा होता. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी करून कारभाराची नवी घडी बसविली. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार, न्यायदानास मुनसिफ, खाली गिरदावर, पेशकार, पटेल आणि पटवारी अशी ती उतरंड होती. दफ्तराची भाषा आधी फारसी होती. १८८४ नंतर ती उर्दू झाली. सोनपेठ परिसरातील कुणब्याची बोली मराठी, पटवाऱ्याच्या रुमालातील लिपी मोडी, आणि तहसील कचेरीतून येणारा हुकूम उर्दू, त्यावर साल फसली. शेतसारा कोणत्या हिशेबाने बसला, इनाम कोणत्या सनदेने टिकले किंवा जप्त झाले, हे समजून घेण्यास ज्याला उर्दू येत होते त्याच्या दारी जाऊन बसावे लागे. कायदा प्रजेच्या भाषेत नसला म्हणजे काय होते, हे या भागातील माणसास पुस्तकातून शिकावे लागले नाही.

याच राज्याने भाषेच्या बाबतीत एक अपूर्व प्रयोगही केला, आणि त्याविषयी मनात आदर बाळगूनच मी लिहीत आहे. १९१७ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाची योजना झाली, आणि त्याच वर्षी 'दारुल तर्जुमा' हे भाषांतर खाते स्थापन होऊन मौलवी अब्दुल हक, जे त्या काळी औरंगाबादेत राहून उर्दूची सेवा करीत होते, त्याचे पहिले प्रमुख झाले. इतिहास, अर्थशास्त्र, वैद्यक, स्थापत्य आणि कायदा या सर्व विषयांचे उच्च शिक्षण एका देशी भाषेतून देण्याचा एवढ्या विस्ताराचा उद्योग तोपर्यंत हिंदुस्थानात कोणी केला नव्हता. त्यात दोन उणिवा होत्या. मराठी, तेलुगु व कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला ती देशी भाषा परकीच होती. आणि युरोपातील विद्या उर्दूत येत होती ती बहुतांशी इंग्रजीतून. १९३८ च्या वंदे मातरम् आंदोलनात विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा कित्येकांनी नागपुरास जाऊन शिक्षण पुरे केले. त्यांतील एक तेलंगणातील पी. व्ही. नरसिंह राव. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, नागपुरास त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, हरिभाऊ आपट्यांची कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली, रामटेकचे खासदार झाले, आणि फ्रेंच व स्पॅनिश या भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. निजामी राज्यात वाढलेल्या मनुष्याच्या ठायी भाषांची ही भूक मला आकस्मिक वाटत नाही.

त्याच विद्यापीठातून एक विद्वान मात्र थेट फ्रेंचच्या वाटेने गेला. मुहम्मद हमीदुल्लाह यांचा जन्म १९०८ साली हैदराबादेत झाला. उस्मानियात कायदा शिकून ते बॉन येथे गेले, आणि तेथून पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात जाऊन प्रारंभीच्या इस्लामी राज्याच्या राजनीतीवर त्यांनी फ्रेंच भाषेत प्रबंध लिहून १९३५ साली पदवी मिळविली. परत येऊन ते उस्मानियात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवीत. १९४८ साली हैदराबादच्या बाजूने मसलत करण्याच्या निमित्ताने ते युरोपात गेले, आणि राज्य विलीन झाल्यावर परतले नाहीत. उर्वरित कार्यकाळ पॅरिसमध्ये संशोधनात घालवून त्यांनी कुराणाचे फ्रेंच भाषांतर केले, आणि २००२ साली अमेरिकेत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या राजकीय पक्षाशी, ज्या पक्षाने मराठवाड्यातील बहुसंख्य प्रजेची इच्छा जुमानली नाही, माझी सहानुभूती नाही. तथापि एखाद्या देशाचा कायदा त्या देशाच्या भाषेत, त्या देशाच्या परीक्षकांसमोर मांडण्याइतका दक्षिणेतील मनुष्य समर्थ होऊ शकतो, याचे प्रमाण म्हणून त्यांचे नाव घ्यावेच लागते.

आणि त्याच १९४८ साली सोनपेठेच्या भवितव्याची चर्चा खरोखरच पॅरिसमध्ये झाली. निजाम सरकारने २१ ऑगस्ट रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार केली होती. समितीच्या बैठका त्या सुमारास पॅरिसच्या पाले द शायो या वास्तूत भरत होत्या. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबादच्या हद्दीत शिरल्या. १६ सप्टेंबरला, लष्कर मराठवाड्यातून पुढे सरकत असताना, समितीने आठ अनुकूल व तीन तटस्थ मतांनी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. हैदराबादच्या वतीने नवाब मोईन नवाज जंग बोलले, भारताच्या वतीने सर रामस्वामी मुदलियार. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली, आणि २२ तारखेस तक्रार मागे घेत असल्याची तार केली. रझाकारांच्या धाकात दिवस काढणाऱ्या गोदाकाठच्या खेड्यांना या चर्चेची वार्ताही नव्हती. त्याच वास्तूत १० डिसेंबर रोजी मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा संमत झाला. त्याच्या घडणीत रने कासँ या फ्रेंच विधिज्ञांचा मोठा वाटा होता, आणि भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहाने पहिल्या कलमातील पुरुषवाचक शब्द जाऊन 'सर्व मानव' असा व्यापक शब्द आला. १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्यातील पहिल्या कलमाशी तो मजकूर ताडून पाहावा. एका शब्दाने किती अंतर कापले गेले, ते दोन्ही पाठ शेजारी ठेवल्यावरच दिसते.

नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारताचे संविधान हैदराबाद राज्यास लागू असल्याचे घोषित केले. ज्या फर्मानांनी दोन शतके प्रजेवर हुकमत चालविली, त्यांपैकीच एकाने प्रजेस नागरिक केले. त्याच महिन्याच्या २५ तारखेस डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचे अविभाज्य त्रिक विशद केले. आणि ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनी घेतली नसून भगवान बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे त्यांनी १९५४ साली आकाशवाणीवर स्पष्ट सांगितले. हे सांगण्याचा अधिकार त्यांना होता. कोलंबिया विद्यापीठातील त्यांच्या अभ्यासक्रमांच्या नोंदीत अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र यांच्या बरोबरीने प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचा एकेक वर्ग आढळतो. परक्या विचाराचा धनी कोण आणि ऋणी कोण, हे ठरविण्यापूर्वी त्या विचाराची भाषा गाठण्याची ही शिस्त आहे. १९५० साली त्यांनी औरंगाबादेस महाविद्यालय सुरू केले, तेव्हा मराठवाड्यातील दलित मुलांना उच्च विद्येचा पहिला विस्तृत दरवाजा उघडला.

आता या विद्येच्या स्वरूपाविषयी. फ्रान्समध्ये घटनाशास्त्र हे राजकारणापासून अलग कधीच नव्हते. पॅरिसच्या विधी विद्यापीठात या विषयाचे पहिले अध्यासन १८३४ साली गिझो या मंत्र्याने निर्मिले आणि त्यावर रोसी या मूळच्या इटालियन पंडिताची नेमणूक केली. १८३० ची सनद विद्यार्थ्यांच्या मनात रुजवावी हा त्यामागील उघड हेतू होता, आणि दुसऱ्या साम्राज्याने म्हणूनच ते अध्यासन बंद केले. १८७० च्या पराभवानंतर राज्यकर्ता वर्गच अशिक्षित आहे या जाणिवेने एमील बूत्मी यांनी राज्यशास्त्राची स्वतंत्र शाळा काढली. १९५४ साली विधी अभ्यासक्रमाची पुनर्रचना झाली तेव्हा घटनाशास्त्र व राजकीय संस्था यांची जोड अधिकृतपणे बांधली गेली. १८७५ साली प्रजासत्ताकाची स्थापना ज्या दुरुस्तीने झाली ती ३५३ विरुद्ध ३५२ अशा एका मताने संमत झाली होती, आणि त्या एका मताच्या पायावर उभे राहिलेले राज्य पासष्ट वर्षे टिकले. १९६२ साली द गोल यांनी घटनादुरुस्तीचा विहित मार्ग सोडून सरळ लोकमताने राष्ट्राध्यक्षाची निवडणूक जनतेकडे नेली, आणि घटना परिषदेने जनतेने संमत केलेल्या कायद्याची तपासणी करण्याचा आपणास अधिकार नाही असे म्हटले. नऊ वर्षांनी, १६ जुलै १९७१ रोजी, त्याच परिषदेने १७८९ चा जाहीरनामा व १९४६ चे प्रास्ताविक यांना बंधनकारक मानून संघटना-स्वातंत्र्यावर घाला घालणारे कलम रद्द ठरविले. अशा घडामोडींत कायदा कोठे संपतो आणि राजकारण कोठे सुरू होते, हे कलमांचा तर्जुमा वाचून कळत नाही. त्या वेळची संसदेतील भाषणे, वृत्तपत्रे व प्राध्यापकांचे वादविवाद यांत शिरावे लागते, आणि ते फ्रेंचमध्ये आहेत.

मराठी विद्यार्थ्यास या वाटेवर एक जागा विशेष परिचयाची वाटेल. फ्रान्सच्या चालू घटनेच्या ८९ व्या कलमाचे अखेरचे वाक्य असे सांगते की राज्याचे प्रजासत्ताक स्वरूप हा घटनादुरुस्तीचा विषय होऊ शकत नाही. हे बंधन १८८४ पासूनचे आहे. आपल्याकडे १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात घटनेच्या मूलभूत चौकटीस धक्का लावता येणार नाही असा सिद्धांत न्यायालयाने मांडला. फ्रान्समध्ये तसाच विचार घटनाकारांनी लिहून ठेविला, आणि ज्याचे राज्य राजाच्या हातून नुकतेच सुटले होते त्या समाजाने लिहून ठेविला. राजप्रमुख म्हणून निजाम ज्यांनी १९५६ पर्यंत पाहिले, त्या भागातील वाचकास या कलमाची निकड वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

हे सारे जुने झाले असे म्हणावे, तर मराठवाड्याचे दफ्तर तसे म्हणू देत नाही. कुळांचे तंटे येथे अजूनही हैदराबाद कुळवहिवाट कायदा, १९५० याखाली चालतात. सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा कुणबी नोंदींच्या शोधार्थ निजामकालीन उर्दू व मोडी कागद जिल्ह्याजिल्ह्यांतून बाहेर काढले गेले, आणि घटनेच्या सोळाव्या कलमाखालील हक्क एखाद्या जीर्ण पानावरील एका ओळीच्या वाचनावर अवलंबून राहिला. ती ओळ वाचू शकणारी माणसे जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. उर्दूविषयी जे आपणास आज कळून चुकले, तेच फ्रेंचविषयी वेळेवर समजले तर बरे.

साधनांची अडचण पूर्वीइतकी नाही. फ्रान्सच्या घटना परिषदेचे व कोन्सेय देताचे निवाडे, सर्व संहिता आणि १७८९ पासूनच्या घटना सरकारी संकेतस्थळांवर विनामूल्य उपलब्ध आहेत. भाषाशिक्षणासाठी सोनपेठच्या विद्यार्थ्यास पुणे-मुंबई जितकी खुली तितकीच जुनी राजधानीही खुली आहे, कारण हैदराबादच्या इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठात फ्रेंचचे अध्यापन अनेक वर्षे चालू आहे. भाषेचे प्राथमिक व्याकरण आटोपल्यावर कादंबऱ्यांच्या मागे न लागता जाहीरनाम्याची सतरा कलमे हाती घ्यावीत. ती लहान आहेत, वाक्ये सरळ आहेत, आणि सोळाव्या कलमात मॉन्तेस्क्यूचा सिद्धांत दोन ओळींत आला आहे: ज्या समाजात हक्कांची हमी नाही व सत्तांचे विभाजन नाही, त्या समाजास घटनाच नाही. मग १९५८ ची घटना, पहिल्या कलमापासून क्रमाने. त्यानंतर ब्लांको निवाडा, शब्दकोश शेजारी ठेवून, एकही अर्धविराम न गाळता. आणि तो समजला की १८६१ चा आपला कलकत्त्याचा निवाडा काढून दोन्ही एका बैठकीत वाचावेत.